संसारातील चार गोष्टी : वैशाखाचे ताट आणि जुन्या लाकडाचे घर



या महिन्याच्या टपालात सांगली जिल्ह्यातील एका भगिनीचे सविस्तर पत्र आले आहे. त्यांच्या कन्येचा विवाह माघ महिन्यात झाला. ती आणि जावई दोघेही पुण्यात नोकरी करतात व दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात नुकतीच राहावयास गेली आहेत. घर अद्याप रिकामे आहे. लेकीचे घर सजवून द्यावे म्हणून दीड लाखाचे कर्ज काढण्याचे त्यांच्या यजमानांच्या मनात आहे. पत्राच्या अखेरीस त्यांनी दुसरी काळजीही लिहिली आहे. सायंकाळी सहाला कामावरून परतणाऱ्या मुलीला सूर्यास्तापूर्वी स्वयंपाक उरकत नाही. लहानपणापासून पाळलेला रात्रीभोजनत्यागाचा नियम मोडवत नाही, म्हणून गेल्या महिन्यात ती दोनदा उपाशीच निजली. 'आई म्हणून मी तिला काय सांगू?' असा त्यांचा प्रश्न आहे.

या दोन काळज्या वरवर वेगळ्या दिसतात. परंतु दोहोंचे उत्तर एकाच विचारात सापडते. संसाराच्या आरंभी घरात आणि ताटात किती असणे पुरेसे आहे, हे ठरवता आले की दोन्ही गाठी सैल होतात. म्हणून या वेळी दोहोंविषयी एकत्रच लिहीत आहे.

आधी कर्जाचा हिशेब मांडू. दीड लाख रुपये वार्षिक 14 टक्के दराने तीन वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे 5,127 रुपये पडतो. छत्तीस हप्त्यांत एकूण 1,84,500 रुपयांच्या वर फेड होते, म्हणजे व्याजापोटीच साडेचौतीस हजार रुपये जातात. ज्या सोफ्यासाठी आणि कपाटासाठी हे व्याज भरावयाचे, त्या वस्तूंची किंमत दुकानाबाहेर पडताच घसरलेली असते. शिवाय ते घर भाड्याचे आहे. अकरा महिन्यांच्या कराराअखेरीस घर बदलावे लागले, तर त्या जड वस्तू टेम्पोत घालून हलवण्याचा खर्च पुन्हा निराळा. निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्या आईवडिलांनी हा भार उचलावा, असे कोणत्याही समंजस लेकीला वाटणार नाही. तिला विचारून पाहावे, असे माझे पहिले सुचवणे आहे.

सहा ते सात : एका तासाचे ताट

मे महिन्यात पुण्याकडे सूर्यास्त सातच्या आसपास होतो. सहाला घरी आलेल्या मुलीच्या हाती उणापुरा एक तास उरतो. त्या तासात कणीक मळणे, पोळ्या लाटणे, भाजी चिरून शिजवणे आणि आमटीला फोडणी देणे हे सर्व बसवू पाहिले की ओढाताण होणारच. उन्हाळ्यात मुळातच शेगडीजवळ उभे राहावेसे वाटत नाही आणि जडान्नावर वासनाही नसते. म्हणून वैशाखापुरता सायंकाळच्या ताटाचा आराखडाच बदलावा. सकाळी डब्याच्या वेळी दुधात कणीक मळून चार दशम्या जादा कराव्यात. त्या सायंकाळपर्यंत मऊ राहतात. सायंकाळी फक्त एखादी भरघोस कोशिंबीर आणि ताक किंवा पन्हे करावे. एखाद्या दिवशी दशम्याही झाल्या नाहीत, तर गूळ विरघळवलेल्या पाण्यात सातूचे पीठ कालवावे. सोबत कोशिंबीर असली की पोट भरते. मात्र सातूत हरभऱ्याची डाळ असते, म्हणून तो कच्च्या दुधात वा दह्यात कालवू नये, हे नव्या गृहिणीने ध्यानात ठेवावे.

कोशिंबीर म्हटली की अनेक पाककृतींत कांदा, गाजर, मुळा आणि बीट यांचीच रेलचेल असते. मोड आलेली कडधान्येही असतात आणि अनेक घरांत तीही वर्ज्य मानतात. एवढे वगळल्यावर उरले काय, असे मुली विचारतात. उन्हाळ्यातच उत्तर सर्वांत सोपे आहे. काकडी, कैरी, दुधी, कलिंगड, कोवळे पडवळ, टोमॅटो, ओले खोबरे आणि मुगाची डाळ हे सर्व जमिनीवरचे आहे आणि याच ऋतूत बाजारात भरपूर मिळते. पुढील चार प्रकार दोन माणसांच्या अंदाजाने दिले आहेत.

खमंग काकडी : दोन मध्यम काकड्यांची टोके कापून चव पाहावी, कडू लागल्यास ती काकडी वापरू नये. काकडी किसू नये, बारीक कोचावी, म्हणजे दाताखाली लागते. तीत चार चमचे दाण्याचे जाडसर कूट, दोन चमचे ओले खोबरे, एक चमचा साखर आणि अर्ध्या लिंबाचा रस घालावा. एक चमचा तुपात जिरे, हिंग आणि हिरव्या मिरचीचे तुकडे यांची फोडणी करून वरून ओतावी. मीठ अगदी पानावर बसताना घालावे. आधी घातल्यास काकडीला पाणी सुटते आणि कूट भिजून लगदा होतो. तरीही पाणी सुटलेच, तर ते टाकू नये. दुसऱ्या ताटासाठी थालीपीठ लावायचे असेल, तर त्याच पाण्यात पीठ मळावे.

मूगडाळीची कोसंबरी : सीमाभागातील घरांना हिची ओळख करून देण्याची गरज नाही. कानडी मुलखातील सणावारांच्या पानात ती डावीकडे असतेच. अर्धी वाटी मुगाची डाळ घरी येताच धुऊन भिजत घालावी. हातपाय धुऊन, कपडे बदलून स्वयंपाकघरात येईपर्यंत ती अर्धीअधिक भिजलेली असते आणि पाऊण तासात नखाने सहज तुटते. पाणी पूर्ण निथळून तीत एक कोचलेली काकडी, दोन चमचे किसलेली कैरी आणि मूठभर ओले खोबरे घालावे. मोहरी, हिंग व कढीलिंबाची फोडणी द्यावी. शेगडी दोन मिनिटांपेक्षा अधिक पेटवावी लागत नाही. कैरी आंबट असल्याने लिंबाची गरज पडत नाही. डाळीचे द्विदल आणि कच्चे दही एकत्र येता कामा नये, म्हणून या ताटात त्या दिवशी ताक ठेवू नये, पन्हे ठेवावे.

दुधीचे रायते : पाव किलो कोवळा दुधी किसण्यापूर्वी त्याचा एक छोटा तुकडा जिभेवर ठेवून पाहावा. कडू दुधी विषारी असतो. त्याने उलट्या होऊन प्रकृती गंभीर झाल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत, तेव्हा कडवट लागलेला दुधी शिजवूनही खाऊ नये. गोड निघाल्यास किसून, वाफवून, थंड करावा. घरी विरजलेले वाटीभर ताजे दही, भाजलेल्या जिऱ्याची पूड, मीठ आणि चिमूटभर साखर घालून कालवावे. हा कीस सकाळी वाफवून थंड जागी ठेवला, तर सायंकाळी केवळ दही घालण्याचे काम उरते.

कलिंगडाच्या पांढऱ्या गराची कोशिंबीर : कलिंगडाचा लाल गर खाऊन झाल्यावर हिरव्या सालीच्या आत जो बोटभर पांढरा थर उरतो, तो आपण बहुधा टाकून देतो. हिरवी साल सोलून हा थर किसला, तर काकडीसारखाच लागतो. किसातले पाणी हलके पिळून त्यात ओले खोबरे, लिंबाचा रस, मीठ व साखर घालावी आणि वर जिऱ्याची फोडणी द्यावी. पिळलेल्या पाण्यात मीठ-जिरे घातले की पेलाभर सरबत होते.

अष्टमी-चतुर्दशीला हिरवे न खाणाऱ्या घरांत कोसंबरीच कामी येते. काकडी व कढीलिंब वगळून, कैरीऐवजी भिजवलेल्या दोन आमसुलांचा कोळ, ओल्या खोबऱ्याऐवजी सुके खोबरे आणि हिरव्या मिरचीऐवजी लाल मिरची वापरली की तिथीचे ताट तयार होते.

एक पथ्य सर्व प्रकारांना लागू आहे. कालवलेली कोशिंबीर वैशाखाच्या उष्म्यात तासाभरापेक्षा अधिक काळ बाहेर ठेवू नये. जितकी लागेल तितकीच करावी व करून लगेच संपवावी. आपल्याकडील पदार्थांच्या मर्यादेचा विचार येथे आरोग्यशास्त्राशी तंतोतंत जुळतो.

जुने लाकूड कसे पारखावे

आता घराकडे वळू. पहिल्या महिन्यात खरोखर काय हवे? निजावयास एक पलंग, जेवण्यास व लिहिण्यास एकच टेबल, दोन खुर्च्या, कपड्यांसाठी एक कपाट आणि स्वयंपाकघरात एक फडताळ. एवढ्यावर दोन माणसांचा संसार नीट चालतो. या पाचही वस्तू जुन्या बाजारात मिळतात. पुण्यात मंगळवार पेठेजवळचा जुना बाजार बुधवारी व रविवारी भरतो. मुंबईत जोगेश्वरी-ओशिवरा भागात जुन्या लाकडी सामानाची दुकाने ओळीने आहेत. परंतु बाजार गाठण्यापूर्वी आपल्याच नातलगांचे माळे पाहावेत. वाडे पाडून सदनिका उभ्या राहत असताना शिसवी पलंग, सागवानी दिवाण, पितळी कड्यांच्या पेट्या आणि वेताच्या खुर्च्या कितीतरी घरांत जागेअभावी धूळ खात पडून आहेत. मागणारा भेटला तर आनंदाने देतील, असे लोक प्रत्येक गावात असतात.

जुनी वस्तू घेताना पारख दिवसाच्या उजेडात करावी. पलंग किंवा टेबल उलटे करून खालची बाजू पाहावी, कारण वरची बाजू पॉलिशने झाकलेली असते. कपाटाचा खण पूर्ण बाहेर काढून त्याची मागची फळी पाहावी. सागवान तेथे रंगाशिवाय उघडे दिसते. त्याचा रंग सोनेरी तपकिरी आणि रेषा सरळ असतात. कडेला कागदासारखे थर दिसले तर ते प्लायवूड आहे असे समजावे, आणि भुसा दाबून केलेला फळा असेल तर पायांशी तो पाण्याने फुगलेला असतो; तो घेऊ नये. मेजाचा एक कोपरा दाबून पाहावा. डुगडुगत असल्यास सांधे सैल आहेत. खिळ्यांवर जोडलेल्या सांध्यापेक्षा लाकडाच्या खाचेत लाकूड बसवलेला सांधा अधिक टिकतो आणि सैल झाला तरी सुतार तो पुन्हा पक्का करून देतो.

कीड पाहणे तर आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. टाचणीएवढी गोल छिद्रे आणि त्याखाली पिठासारखा भुसा असल्यास आत किडा जिवंत आहे. मातीच्या बारीक रेघा व ठोकल्यावर पोकळ आवाज ही वाळवीची खूण. पलंगाच्या सांध्यांत काळे ठिपके दिसले, तर ढेकूण आहेत. अशी वस्तू कितीही स्वस्त मिळाली तरी घरी आणू नये. एकदा आणली की औषधे फवारून जीवहत्या करण्यावाचून दुसरा मार्ग राहत नाही. न घेण्यातच येथे अहिंसा आहे. याच कारणाने जुनी गादी व उशी घेऊ नये. त्या नव्याच कराव्यात. जुन्या पलंगांची मापे आजच्या तयार गाद्यांशी जुळतीलच असे नाही, तेव्हा पलंगाचे माप देऊन कापसाची गादी भरून घेणे उत्तम. गॅसची रबरी नळी, कुकरची झडप आणि विजेच्या तारा याही नव्याच असाव्यात. चामड्याने मढवलेला सोफा आपल्या घरी नको, हे सांगण्याची गरज नाही.

विकणाऱ्याकडून नाव, तारीख व रक्कम लिहिलेली पावती अवश्य घ्यावी. फार स्वस्त आणि पावतीवाचून मिळणाऱ्या वस्तूचा मोह टाळावा. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा कायद्याने गुन्हा आहेच. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांतही 'तदाहृतादान' म्हणजे चोरून आणलेली वस्तू स्वीकारणे स्पष्टपणे गणले आहे.

पॉलिश, पडदे आणि तिवई

घरी आणलेले लाकूड ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवावे. वैशाखाच्या थेट उन्हात ठेवल्यास त्यास तडे जातात. त्यानंतर रंगाचा प्रश्न येतो. जुना तैलरंग चढवलेला असेल, तर तो कोरडा घासून उडवू नये. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षात 90 भागांपेक्षा कमी असावे, असा नियम आपल्या देशात 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्यापूर्वीच्या रंगांत शिसे बरेच अधिक असू शकते आणि त्याची धूळ लहान मुलांना व गर्भवतींना अपायकारक असते. अशी वस्तू शक्यतो घेऊच नये. घरातलीच असेल, तर पृष्ठभाग ओला ठेवून, घराबाहेर, तोंडाला फडके बांधलेल्या जाणत्या कारागिराकडून रंग काढून घ्यावा.

रंग नसलेल्या लाकडाचे काम घरी करता येते. सुतार सहसा स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे पॉलिश सुचवतात. लाख ही किड्यांपासून मिळते आणि लाखेचा व्यापार पंधरा कर्मादानांत निषिद्ध सांगितला आहे. ज्यांना ती टाळावीशी वाटते, त्यांच्यासाठी अळशीचे तेल हा फार चांगला पर्याय आहे. रंगाच्या दुकानात पॉलिशसाठीचे उकळलेले अळशीचे तेल मागावे. लाकूड आधी 120 आणि मग 220 क्रमांकाच्या पॉलिशपेपरने रेषांच्या दिशेने घासावे, धूळ पुसावी, कापडाने तेलाचा पातळ हात द्यावा आणि पंधरा-वीस मिनिटांनी वर राहिलेले तेल टिपून घ्यावे. एक दिवस वाळू देऊन दुसरा व तिसरा हात द्यावा. सागवानाचा मूळ रंग हळूहळू वर येतो. येथे एक धोका ध्यानात असू द्यावा. अळशीच्या तेलाने भिजलेली फडकी बोळा करून ठेवल्यास ती वाळताना तापून आपोआप पेट घेऊ शकतात. काम संपताच ती पाण्यात बुडवावीत किंवा मोकळ्या जागी एकेक सुटी पसरून वाळवावीत.

पडद्यांसाठी दुकान गाठण्याची गरज नाही. आजीच्या नऊवारी सुती लुगड्याची लांबी सव्वाआठ मीटरच्या घरात असते. दाराच्या पडद्याला दुमडीसह सुमारे 2.35 मीटर कापड लागते, म्हणजे एका लुगड्यातून तीन पट्ट्या सहज निघतात. काठ खाली यावा असे वाटल्यास आडवे जोड द्यावेत. इरकली लुगड्याचा पदर उशांच्या अभ्र्यांना शोभतो. फाटलेल्या साड्यांची वाकळ शिवून दिवाणावर अंथरली, तर त्यावर वेगळी चादर लागत नाही. पश्चिमेच्या खिडकीला फिक्या रंगाचा दुहेरी पडदा लावून तो दुपारी ओढून ठेवावा. सायंकाळी परतल्यावर खोली तेवढी तरी निवलेली असते. जुन्या तिवईवर माठ ठेवावा आणि त्याखाली पाणी झेलण्यास परात.

पितळी घंगाळ, तपेली आणि चिनी मातीच्या बरण्या जुन्या बाजारात हमखास मिळतात. त्या शोभेस जरूर ठेवाव्यात; परंतु कैरी, लिंबू, आमसूल वा दही घातलेली कोशिंबीर कल्हई नसलेल्या तांब्यापितळेच्या भांड्यात कालवू नये, कळकते. कोशिंबिरीस काचेचे, दगडी किंवा स्टीलचे भांडे घ्यावे. चकाकी उडालेली जुनी बरणीही लोणच्यासाठी वापरू नये. तिच्या लुकणात शिसे असू शकते.

पत्रलेखिका भगिनीस

आपल्या पत्रात एक वाक्य आपण खोडून पुन्हा लिहिले आहे : सासरचे लोक घर पाहावयास येतील तेव्हा जुने सामान पाहून काय म्हणतील? हीच खरी काळजी असावी, असे मला वाटते. दुसऱ्याने वापरलेली वस्तू घरात आणण्यात कमीपणा आहे, अशी समजूत आपल्याकडे आहे खरी. पण ज्या घरात आपण वाढलो, तेथील झोपाळा तीन पिढ्यांनी वापरलेला होता आणि त्यावर बसताना कोणालाही कमीपणा वाटला नाही. फरक इतकाच की तो झोपाळा आपल्या आजोबांचा होता आणि हा पलंग दुसऱ्या कोणाच्या आजोबांचा. परिग्रहाचे परिमाण आखताना आपले शास्त्र वास्तू, धन, धान्य यांच्याबरोबर घरातील वस्त्र-भांड्यांचीही मोजदाद करावयास सांगते. त्या मोजदादीत वस्तू नवी की जुनी असा प्रश्न येत नाही. किती आणि तिच्यावर आपला जीव किती गुंतला आहे, एवढेच पाहिले जाते.

म्हणून यजमानांना असे सुचवून पाहावे. कर्ज काढू नये. जी रक्कम हप्त्यांत गेली असती, त्यातील पहिल्या चार-पाच महिन्यांची बचत करून वर सांगितलेल्या पाच वस्तू जुन्या घ्याव्यात. बसेल तेवढेच आणावे आणि आणण्यापूर्वी जिना, लिफ्ट व दार यांची मापे घ्यावीत. उरलेली रक्कम लेकीच्या नावे ठेवीत ठेवावी. अडीअडचणीला ती सोफ्यापेक्षा अधिक उपयोगी पडेल. आपल्या माळ्यावर एखादा पाट, चौरंग वा पेटी असल्यास ती मात्र स्वतः घेऊन जावी. यजमानांना सुतारकामाची आवड असल्याचे आपण लिहिले आहे. एका रविवारी बापलेकीने मिळून टेबल घासावे आणि तेलाचा हात द्यावा. वडिलांना काहीतरी द्यावयाचे आहे, आणि ते त्यांनी हाताने दिले तर त्यांचेही मन शांत होईल.

मुलीला आपण एवढेच सांगावे की नियम पाळण्यासाठी उपाशी निजण्याची गरज नाही. सहाला आल्यावर डाळ भिजत घालायची, काकडी कोचायची, सकाळच्या दशम्या काढायच्या. जावयांनी नारळ खोवून द्यावा आणि पाने घ्यावीत. हे काम त्यांनाही सहज जमेल. सूर्यास्तापूर्वी दोघांची जेवणे होतील आणि खिडकीत उजेड असताना ताटे धुऊनही होतील.